गल्ल्यावरच्या मुलीचे गाणे

११ जून १९८८ चा दिवस. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर माणसांचा महापूर लोटला होता. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने पंचवीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात डांबलेले नेल्सन मंडेला त्या जुलैत सत्तर वर्षांचे होणार होते. त्यांच्या सुटकेची मागणी जगाच्या कानी घालावी म्हणून दिवसभराचा संगीताचा जलसा ठेवला होता. साठांहून अधिक देशांत तो टीव्हीवर दाखवला जात होता. नामवंत गायकांची रांग लागली होती.

संध्याकाळी प्रख्यात अंध कृष्णवर्णीय गायक स्टीव्ही वंडर यांची पाळी आली. ऐनवेळी लक्षात आले, की त्यांच्या वाद्याची संगणकाची डिस्क जागेवर नाही. सारे साथसंगीत तिच्यातच साठवलेले! वंडर खिन्न होऊन निघून गेले. समोर सत्तर हजार माणसे आणि मंच रिकामा. आयोजकांची धावपळ उडाली. ज्याला वाद्यवृंद लागत नाही, यंत्रे लागत नाहीत, तारा जोडायला वेळ लागत नाही, असे कोण आहे?

अशी एक मुलगी होती. वय वर्षे चोवीस. तिची गाणी दुपारीच होऊन गेली होती आणि फारसे कोणी तिला ओळखतही नव्हते. तिला पुन्हा मंचावर पाठवण्यात आले. हातात एक गिटार, समोर एक माईक, बाकी काही नाही. तिने एका गरीब मुलीची गोष्ट गायला सुरुवात केली. गलका करणारे मैदान हळूहळू शांत झाले. त्या काही मिनिटांनी तिचे आयुष्य बदलले. दोन-अडीच महिन्यांत तिचा पहिलाच गीतसंग्रह अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

त्या मुलीचे नाव ट्रेसी चॅपमन. तिच्या पहिल्या अल्बमचे नावही तेच, ‘ट्रेसी चॅपमन’. वाचकहो, गाणी इंग्रजी आहेत, देश दूरचा आहे. पण त्या गाण्यांतली घरे, भांडणे, पगाराची ओढाताण आणि घर सोडून कुठेतरी निघून जावे ही इच्छा, यांतले काहीच आपल्याला अनोळखी नाही. म्हणून या मुलीची आणि तिच्या अकरा गाण्यांची ओळख करून घेऊ या.

आईने दिलेले वाद्य

ट्रेसीचा जन्म ३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात झाला. क्लीव्हलंड म्हणजे पोलादाचे, कारखान्यांचे, घाम गाळणाऱ्यांचे शहर. दक्षिणेकडच्या राज्यांतला जुलूम सोसवेना म्हणून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे विसाव्या शतकात अशा उत्तरेकडच्या शहरांत कामाच्या शोधात आली. काम मिळाले, पण वस्ती वेगळीच राहिली. १९६६ च्या जुलैत तिथल्या हफ या कृष्णवर्णीय वस्तीत मोठी दंगल झाली. चार माणसे मेली, चारही कृष्णवर्णीय. ट्रेसी तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे कारखाने बसत गेले आणि १९७८ च्या डिसेंबरात तर क्लीव्हलंड महापालिकेला आपले कर्जही फेडता आले नाही. ज्या शहराची तिजोरी रिकामी, तिथल्या गरिबाच्या चुलीचे काय होत असेल?

ट्रेसी चार वर्षांची असताना आईवडील विभक्त झाले. दोन मुलींना आईने एकटीने वाढवले. कमी पगाराच्या नोकऱ्या केल्या, प्रसंगी सरकारी मदतीवर दिवस काढले. पण धाकटीचा कान गाण्याकडे आहे हे तिने ओळखले आणि मुलगी तीन वर्षांची असतानाच तिला एक युकुलेली आणून दिली. युकुलेली म्हणजे गिटारचे धाकटे भावंड, चार तारांचे छोटेसे वाद्य. आठव्या वर्षी ट्रेसी गिटार वाजवू लागली आणि त्याच वयात स्वतःची गाणीही लिहू लागली. शिकवायला कोणी मोठा उस्ताद नव्हता.

पैसा नसलेल्या घरात मुलीसाठी वाद्य विकत घेणे हा सोपा निर्णय नसतो. महिन्याचा हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही आईला विचारा. त्या आईने तो घेतला, म्हणून पुढचे सारे घडले.

वर्गणीची गिटार

क्लीव्हलंडच्या शाळांत गोरी मुले एकीकडे आणि काळी मुले दुसरीकडे अशी विभागणी होती. १९७६ साली संघीय न्यायालयाने ही विभागणी घटनाबाह्य ठरवली आणि १९७९ पासून मुलांना बसने एका भागातून दुसऱ्या भागातल्या शाळांत नेणे सुरू झाले. कायद्याने दरवाजे उघडले, पण मनांचे दरवाजे लगेच उघडत नाहीत. लहानपणी वर्णावरून सोसलेल्या शिव्यागाळी आणि मारहाणीबद्दल ट्रेसीने पुढे मुलाखतींत सांगितले आहे.

या मुलीला वाट मिळाली ती शिक्षणाने. ‘अ बेटर चान्स’ ही संस्था गुणी कृष्णवर्णीय व इतर वंचित मुलांना चांगल्या निवासी शाळांत शिष्यवृत्तीवर पाठवते. ट्रेसीची निवड झाली आणि ती कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी येथील वूस्टर स्कूलमध्ये दाखल झाली. शिष्यवृत्तीवर घरापासून दूर शिकायला जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. बहुतेक मुले सधन घरांतली, त्यांच्यात आपण वेगळ्या घरातून, वेगळ्या रंगाने आलो आहोत ही जाणीव रोजची.

या शाळेतली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ट्रेसीची गिटार जुनी आणि साधी होती. शाळेच्या धर्मगुरूंनी तिची गाणी ऐकली आणि विद्यार्थी-शिक्षकांकडून वर्गणी गोळा करून तिला नवी गिटार घेऊन दिली. ट्रेसी ते विसरली नाही. पुढे पहिला अल्बम निघाला तेव्हा त्यावर तिने त्यांचे आभार मानले. अल्बमची सुरुवात होते ते ‘टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन’ हे गाणे तिने याच शाळेत असताना, सोळाव्या वर्षाच्या सुमारास लिहिले.

त्या गाण्याचा विषय असा. बेकारांच्या रांगेत उभी असलेली माणसे, धर्मादाय संस्थेच्या दारात रडणारी माणसे, बढतीची वाट पाहत बसलेली माणसे आपसांत काहीतरी कुजबुजत आहेत. ती कुजबुज म्हणजेच क्रांतीची चाहूल. आपण क्रांती म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे मोर्चा येतो, घोषणा येतात. सोळा वर्षांच्या मुलीने तिचा आवाज रांगेतल्या दबक्या बोलण्यात ऐकला. ज्याने रेशनच्या किंवा नोकरभरतीच्या रांगेत तास काढले आहेत, त्याला हे पटेल. रांगेत माणूस पहिल्यांदा ओळखतो, की आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही.

फलाटावरचे गाणे

शाळेनंतर ट्रेसी बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात गेली. विषय घेतला मानववंशशास्त्र. शिकता शिकता ती केंब्रिज गावातल्या हार्वर्ड चौकात आणि भुयारी रेल्वेच्या फलाटांवर गिटार घेऊन उभी राहायची आणि गायची. येणारे-जाणारे नाणी टाकत. फलाटावर गाणे सोपे नसते. गाडीची घाई असलेल्या माणसाला थांबवायचे तर पहिल्या ओळीतच त्याचे काळीज धरावे लागते. तिच्या गाण्यांची बोली एवढी थेट का, याचे एक उत्तर या फलाटांवर असावे.

त्या काळी अमेरिकेच्या विद्यापीठांत दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाविरुद्ध चळवळ जोरात होती. टफ्ट्समध्ये निषेधाचा कार्यक्रम आखणाऱ्या ब्रायन कॉपेलमन या विद्यार्थ्याला कोणीतरी सांगितले, की चळवळीची गाणी गाणारी एक मुलगी आहे, तिला ऐक. त्याने ऐकले आणि तो थक्क झाला. त्याचे वडील चार्ल्स कॉपेलमन यांचा संगीत प्रकाशनाचा मोठा व्यवसाय होता. ब्रायन तिच्या मागे लागला, पण ती हुरळून गेली नाही. विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर तिने मुद्रित केलेले एक गाणे शेवटी त्यानेच मिळवून वडिलांना ऐकवले. पदवी पूर्ण झाल्यावर, १९८७ साली, इलेक्ट्रा या नामांकित कंपनीशी ट्रेसीचा करार झाला.

पदवीआधी तिने ध्वनिमुद्रण कंपनीशी करार केला नाही, हे आपल्या घरातल्या मुलामुलींना जरूर सांगावे. कला होती, बोलावणेही होते, तरी हातातले शिक्षण तिने आधी पूर्ण केले.

छत्तीस मिनिटांचा अल्बम

त्या दिवसांत संगीताच्या बाजारात यंत्रांचा झगमगाट होता. विजेवरची वाद्ये, नाचाचा ठेका, भपकेदार पोशाख. अशा वेळी एक मुलगी साध्या गिटारवर गरिबीची आणि मारहाणीची गाणी म्हणते, हे कोण विकत घेणार? काही निर्मात्यांनी नकार दिला. डेव्हिड कर्शेनबॉम यांनी होकार दिला. हॉलिवूडमधल्या त्यांच्या स्टुडिओत सुमारे आठ आठवड्यांत काम पूर्ण झाले. त्यांनी एक पथ्य पाळले. आवाज आणि गिटार मध्यभागी, बाकी साथ मागे. ऐकणाऱ्याला वाटावे, ही मुलगी आपल्याच खोलीत बसून गाते आहे.

५ एप्रिल १९८८ रोजी अल्बम बाजारात आला. अकरा गाणी, अवघी छत्तीस मिनिटे. अकराही गाणी ट्रेसीने स्वतः लिहिलेली.

या गाण्यांना अमेरिकेत ‘फोक’ म्हणतात. आपल्याकडे लोकगीत म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, कर्ता ठाऊक नसलेले गाणे आठवते. तिकडे एखाद्याने स्वतः लिहून साध्या वाद्यावर गायिलेल्या, लोकांच्या जगण्याच्या गाण्यालाही फोक म्हणतात. १९८८ पर्यंत बऱ्याच लोकांना हे गोऱ्या लोकांचेच गाणे वाटू लागले होते. काळ्या मुलीच्या हाती गिटार पाहून अनेकांना नवल वाटले. वास्तविक या संगीतातले बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेला दिले. १९६३ साली वॉशिंग्टनच्या ज्या विराट मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचे भाषण झाले, तिथे ओडेटा ही कृष्णवर्णीय फोक गायिका गायली होती. म्हणजे ट्रेसी परक्या घरात शिरली नव्हती. ती आपल्या आजीच्या घरी परत आली होती.

गल्ल्यावरची मुलगी

अल्बममधले सर्वांत गाजलेले गाणे ‘फास्ट कार’, म्हणजे वेगाची मोटार. वेम्ब्लीवर सत्तर हजार माणसांना गप्प करणारे गाणे हेच.

गोष्ट साधी आहे. एक मुलगी आहे. बाप दारुडा, अंग झिजलेले, काम होत नाही. आई त्याला सोडून गेली, कारण तिला आयुष्याकडून त्याच्यापेक्षा काही अधिक हवे होते. मग बापाचे करायचे कोणी? मुलीने शाळा सोडली. ती एका लहान दुकानात काम करते, चार पैसे मागे टाकते. तिचा एक मित्र आहे, त्याच्याकडे मोटार आहे. दोघे मिळून शहरात पळून जाऊ, दोघेही कामाला लागू, चांगले दिवस येतील, एवढेच तिचे स्वप्न. ती जाते. तिला मोठ्या दुकानात गल्ल्यावर बिले करण्याचे काम मिळते. त्याला काम नाही. तरी तिला आशा आहे, की आपल्याला बढती मिळेल, निवाऱ्याची जागा सोडून मोठे घर घेऊ.

आणि शेवटी काय होते? तिला बरी नोकरी लागते, सारी बिले तीच भरते. तो मात्र गुत्त्यावर बसतो, मुलांपेक्षा मित्रांना अधिक वेळ देतो. ज्या बापाच्या घरातून ती पळाली, तेच घर तिने नकळत पुन्हा उभे केलेले असते. मोटार तीच, पण आता ती त्याला सांगते, की तूच ठरव, तुला जायचे असेल तर जा.

कारकुनी करणाऱ्या माणसाला या गाण्यात आणखी एक गोष्ट दिसते. हे सबंध गाणे एका घराचा जमाखर्च आहे. किती शिल्लक टाकली, कोणाचा पगार आला, बिले कोणी भरली, बढती कधी मिळणार, हे सारे त्यात आहे. प्रेमाच्या गाण्यात असला हिशेब कोणी घालत नाही. पण गरिबाच्या घरात प्रेमाला हिशेब सुटत नाही. पगार पुरला तर संध्याकाळी हसू असते, नाही पुरला तर भांडण. ट्रेसीने ते लपवले नाही.

दुसरे असे, की गाण्यातली मुलगी बापाला शिव्या देत नाही. तो वाईट आहे असेही म्हणत नाही. काम करून झिजलेले शरीर आणि वर दारू, एवढेच सांगते. रागापेक्षा हे अधिक टोचते. आपल्या वस्त्यांत दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कमी नाहीत आणि त्या घरांतली मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्यांचे करते, हेही नवे नाही. अशा मुलीला वाटत असते, की हे फक्त आपल्याच घरी आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या मुलीने तेच लिहून ठेवले आहे.

भिंतीपलीकडे

अल्बममधले चौथे गाणे ‘बिहाइंड द वॉल’. यात गिटारसुद्धा नाही. कोणतेही वाद्य नाही. केवळ ट्रेसीचा एकटा आवाज, दोन मिनिटांहून कमी वेळ.

शेजारच्या घरातून रात्री ओरडण्याचा, मारण्याचा आवाज येतो. ऐकणारी झोपू शकत नाही. पोलीस बोलावून उपयोग नाही, कारण ते आले तर उशिरा येतात आणि नवराबायकोच्या भांडणात आम्ही पडत नाही म्हणून निघून जातात. पुन्हा दुसऱ्या रात्री आवाज. मग एका रात्री किंकाळी आणि त्यानंतर शांतता. रुग्णवाहिका येते. तेव्हा पोलीस गर्दी पांगवतात आणि सांगतात, घरी जा, आता सर्वांनी झोपा.

ती बाई जगली की मेली, गाणे सांगत नाही. वाद्य नसल्यामुळे गाणे संपल्यावर जी शांतता पसरते, ती ऐकणाऱ्याच्या अंगावर येते.

वाचकहो, ज्यांच्या घरांच्या भिंती एकमेकांना लागून आहेत, त्यांना या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भिंत पातळ असते, सारे ऐकू येते आणि तरी सकाळी नळावर भेटल्यावर त्या बाईच्या सुजलेल्या गालाकडे न पाहता आपण पाण्याच्या वेळेबद्दल बोलतो. हे गाणे मारणाऱ्या नवऱ्याबद्दल आहे, पोलिसांबद्दल आहे. पण सर्वांत अधिक ते भिंतीच्या अलीकडे जागे राहून गप्प बसणाऱ्याबद्दल आहे. ट्रेसीने त्या गप्प बसणाऱ्याच्या जागी स्वतःला उभे केले. तिने दुसऱ्याकडे बोट दाखवले असते, तर गाणे इतके खरे झाले नसते.

रुळांच्या दोन बाजू

‘अक्रॉस द लाइन्स’ या गाण्यात रेल्वेच्या रुळांनी दोन भाग झालेले गाव आहे. एका बाजूला गोरे, एका बाजूला काळे. रूळ ओलांडण्याची हिंमत कोणी करत नाही. एका लहान काळ्या मुलीवर हल्ला होतो, आगीला ठिणगी मिळते, दंगल पेटते, मुले मरतात. शेवटी खापर फुटते ते त्या मुलीच्याच डोक्यावर. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच दंगलीचे कारण ठरवायचे, ही रीत कोणत्याही एका देशाची मक्तेदारी नाही.

‘व्हाय?’ म्हणजे ‘का?’ या गाण्यात नुसते प्रश्न आहेत. धान्य मुबलक असताना मुले उपाशी का, बाईला स्वतःच्या घरातच भीती का, संहाराच्या शस्त्रांना शांततेचे नाव का, असे शाळकरी मुलाने विचारावेत तसे साधे प्रश्न. मोठ्या माणसांनी विचारायचे सोडून दिलेले. ‘माउंटन्स ओ थिंग्ज’ मध्ये वस्तूंच्या डोंगराचे स्वप्न पाहणारे मन आहे. गाडी, नोकरचाकर. आणि या डोंगराखाली दुसरे कोणीतरी दबले जाणार, ही टोचणीही त्याच गाण्यात आहे. गरिबाला श्रीमंतीची हाव सुटू शकते, हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा तिने दाखवला.

सारीच गाणी समाजाची नाहीत. ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ हे फार नाजूक गाणे आहे. वर्षे गेली, पण घरातल्या माणसाच्या तोंडून क्षमेचा एक शब्द निघत नाही, प्रेमाचाही निघत नाही. आपल्या घरांतल्या कर्त्या पुरुषांनी हे गाणे एकदा तरी ऐकावे. दिवसभर राबून आलेला माणूस पगार हातावर ठेवतो आणि समजतो, की सारे सांगून झाले. घरच्यांना त्यासोबत एखादा शब्दही हवा असतो. शेवटचे गाणे ‘फॉर यू’. त्यात शब्द अपुरे पडल्याची कबुली आहे. इतकी थेट बोलणारी मुलगी शेवटी म्हणते, की काही भावना शब्दांत सापडत नाहीत.

दिल्लीच्या मैदानात

वेम्ब्लीनंतर अल्बमची घोडदौड सुरू झाली. अमेरिकेत आणि इंग्लंडात तो पहिल्या क्रमांकावर गेला. २२ फेब्रुवारी १९८९ रोजी ट्रेसीला ग्रॅमीचे तीन पुरस्कार मिळाले. उत्कृष्ट नवोदित कलाकार, ‘फास्ट कार’ साठी उत्कृष्ट पॉप गायिका आणि उत्कृष्ट समकालीन फोक अल्बम. जगभरात या अल्बमच्या दोन कोटी प्रती खपल्याचे सांगितले जाते.

ही मुलगी आपल्या देशातही येऊन गाऊन गेली आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला १९८८ साली चाळीस वर्षे झाली. त्यानिमित्त अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने जगभर वीस कार्यक्रम केले. त्यांतला एक ३० सप्टेंबर १९८८ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये झाला. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, सेनेगलचा युसू एनदूर या बड्या गायकांबरोबर ट्रेसी चॅपमन तिथे गायली.

तिच्यावर टीकाही झाली. तिच्या कार्यक्रमांना येणारे बहुतांश श्रोते गोरे, कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवर तिची गाणी फारशी वाजत नाहीत, असे म्हटले गेले. टीकेत तथ्य होते, पण दोष तिचा होता का? काळ्या गायिकेने अमुकच प्रकारचे गावे, असे बाजाराने आधीच ठरवून ठेवले होते. ती त्या चौकटीत बसली नाही एवढेच.

हक्काचा पैसा

आता जरा व्यवहाराचे बोलू. गरीब कलावंत गातो आणि दुसराच श्रीमंत होतो, ही कथा जुनी आहे. अमेरिकेतल्या कित्येक कृष्णवर्णीय गायकांनी किरकोळ रकमेत गाण्यांचे हक्क लिहून दिले आणि म्हातारपण हलाखीत काढले. ट्रेसीने आपल्या गाण्यांची राखण डोळ्यांत तेल घालून केली. गाणे गाणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा असतो. कायद्याने लिहिणाऱ्याला, गाणे कोणीही गायिले तरी, मानधनाचा वाटा मिळतो. एका प्रसिद्ध रॅप गायिकेने तिच्या ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ चा भाग वापरण्याची परवानगी मागितली. ट्रेसीने नकार दिला. तरीही ते गाणे रेडिओवर वाजले. २०१८ साली ट्रेसी न्यायालयात गेली. २०२१ च्या जानेवारीत प्रकरण मिटले आणि तिला साडेचार लाख डॉलर मिळाले.

आपल्याकडे गाणी रचणाऱ्यांनी, कविता लिहिणाऱ्या मुलांनी यातून एवढेच घ्यावे. आपण लिहिलेल्या कागदाला किंमत असते. सही करण्याआधी तो नीट वाचावा.

पस्तीस वर्षांनी

ट्रेसीने एकूण आठ अल्बम केले. शेवटचा २००८ साली आला. नंतर ती प्रसिद्धीपासून दूर राहिली. मग २०२३ साली एक नवल घडले. उत्तर कॅरोलायनाचा गोरा कंट्री गायक ल्यूक कोम्ब्स याने ‘फास्ट कार’ पुन्हा गायिले. लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये त्याने ते ऐकले होते. गाण्यातली गल्ल्यावरची मुलगी त्याने मुलगीच ठेवली, शब्द बदलले नाहीत. गाणे देशभर गाजले. कंट्री गाण्यांच्या रेडिओ यादीत ते पहिले आले आणि एकटीने लिहिलेले गाणे त्या जागी पोहोचलेली ट्रेसी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंट्री संगीताच्या संघटनेचा वर्षातील सर्वोत्तम गीताचा पुरस्कार तिला मिळाला. हा मान मिळवणारीही ती पहिलीच कृष्णवर्णीय गीतकार.

अमेरिकेत त्यावर चर्चा झाली. काळ्या बाईने लिहिलेले गाणे या दारातून आत यायला गोऱ्या पुरुषाचा आवाज का लागला, असे अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आणि त्याच वेळी हेही खरे, की ट्रकचालकाच्या, मजुराच्या गोऱ्या घरांतल्या मुलांनाही त्या गाण्यात आपलेच घर दिसले.

४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजेलिसच्या ग्रॅमी समारंभात ट्रेसी मंचावर आली. साठीला टेकलेली, केस पांढरे झालेले. तिने गिटारची तीच ओळखीची धून छेडली आणि सारे सभागृह उठून उभे राहिले. शेजारी ल्यूक कोम्ब्स उभा राहून तिच्याबरोबर गात होता, पण त्याची नजर सारखी तिच्याकडेच होती. १९८८ साली जे गाणे तिने रिकामा वेळ भरून काढण्यासाठी गायिले, ते ऐकण्यासाठी आता मोठमोठे गायक श्वास रोखून बसले होते.

वाचकहो, हा अल्बम आता मोबाइलवरही ऐकता येतो. रविवारी दुपारी घरातल्या मुलामुलींसोबत ऐका. इंग्रजी शिकणाऱ्या मुलीला अर्थ सांगायला लावा. शब्द सोपे आहेत, तिला जमेल. आणि अर्थ सांगता सांगता ती मध्येच थांबली, काही बोलू लागली, तर टीव्ही बंद करून तिचे ऐका. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर काही ओळी लिहिलेल्या असतील, तर हसू नका. क्लीव्हलंडच्या त्या आईनेही मुलीला हसण्यावारी नेले नव्हते. हाती फारसे पैसे नसताना तिने एक छोटे वाद्य आणून दिले होते.